एक रेघ पुरे

शब्दांच्या अर्थांचा नकाशा कसा काढावा, हा महेश्वरीच्या प्रबंधाचा विषय होता. त्यासाठी तिने भवानी पेठेतल्या आपल्या आज्जीला, चंद्रव्वांना, नात्यांचे बारा शब्द दिले आणि कोणता शब्द कोणाच्या किती जवळचा, याचे आकडे लिहून घेतले. चंद्रव्वांची विधवा सून, म्हणजे महेश्वरीची मामी धनलक्ष्मी, शेजारीच शेंगा सोलत बसली होती. जेऊरच्या एका मास्तरांचे स्थळ तिला सांगून आले होते. पण सासूला एकटी कशी टाकू, म्हणून दोन महिने तिने उत्तर दिले नव्हते. हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

संगणकाने सारे शब्द एका रेघेवर मांडले. एका टोकाला रक्ताची नाती, दुसऱ्या टोकाला ‘पाहुणी’, आणि तिला लागूनच ‘सून’.

"आज्जी, एका रेघेत तुझे आकडे नीट मावत नाहीत बघ. दुसरी दिशा दिली, की शब्द कागदभर पसरतील. खरं अंतर तेव्हा कळेल."

"काही नको. माझं मन सरळ हाय, एक रेघ पुरे," चंद्रव्वा म्हणाल्या. "सून म्हणजे परक्याची लेक की."

धनलक्ष्मीने उरलेल्या शेंगा सोलल्या, टरफले गोळा केली आणि आत जाऊन भावाला फोन लावला. "हो म्हणून कळव," एवढेच ती बोलली.



चंद्रव्वांनी ते ऐकले, मधले दार हलकेच ओढून घेतले आणि नातीला म्हणाल्या, "आता दोन दिशांचा नकाशा काढ. धनलक्ष्मी कुटं बसते, ते मला बघू दे."