बाराव्या ओवीची दुसरी ओळ

“दळण सरलं सये, सांगायाचं नाही सरलं...”

दबका, थोडा घोगरा गळा. खाली जात्याची घरघर आणि फेऱ्याफेऱ्याला किणकिणणाऱ्या बांगड्या. दानेश्वरीला आई, तिची अव्वा, आठवायची ती एवढीच. तीन वर्षांची होती ती, चन्नम्मा गेली तेव्हा. चेहरा नंतर फोटोनं शिकवला. आवाज मात्र कुणी शिकवलेला नव्हता. तो तिचा स्वतःचा होता, पहाटेच्या झोपेत कानात मुरलेला.

आज संध्याकाळी भवानी पेठेतल्या कलामहोत्सवाचा शेवटचा कार्यक्रम होता, तिचं वाचन. ‘चन्नम्माच्या ओव्या’ हे पातळसं पुस्तक कालच छापून आलं होतं. बारा ओव्या. अप्पांनी, तिच्या वडिलांनी, कधीकाळी शाळेच्या वहीत, ठसठशीत अक्षरात उतरवून ठेवलेल्या. बारावीची एकच ओळ होती. खालची जागा वहीत कोरी होती, आणि पुस्तकात तिथं नुसती टिंबं.

“अप्पा, आज तरी आठवतंय का बघा की.”

ईश्वरप्पांनी पंजा दोनदा हलवला. नाही.

घरात हे असंच चालायचं. बायको गेल्यावर गाव सोडून ते सोलापुरात यंत्रमागावर लागले. मागाच्या खडखडाटात शेजारच्याचं ऐकू येत नाही, कामगार हातानंच बोलतात. ती सवय घरी आली, असं दानेश्वरी सगळ्यांना सांगे. ओठांशी मूठ म्हणजे पाणी. मनगटावर दोन बोटं म्हणजे मी हाय हितं, भिऊ नको. लहानपणी ताप चढला की उशाशी बसून अप्पा रात्रभर मनगटावर बोटं टेकवून दाखवत. त्यांचे जुने सोबती थट्टा करायचे, “आमाला खुणा शिकाया वरीस लागलं. हा गडी पहिल्याच दिवशी घरून शिकून आल्यावानी!”

“येणार ना वाचनाला?”

“बघतो.”

“बघतो म्हणजे नाही. अव्वाचं काही निघालं की तुम्ही असेच करता. लहानपणी विचारलं, अव्वा कशी बोलायची, तर म्हणालात, गोड. बस्स. अप्पा, माझ्याकडं तिचा तेवढा आवाजच आहे हो. तो तरी पुरा होऊ दे की.”

दानेश्वरीनं पुस्तकांचा गठ्ठा उचलला.

महोत्सवाच्या पहिल्या दिवशी वाचन होणार होतं त्याच शाळेच्या सभागृहात ओव्यांची कार्यशाळा झाली होती. शिकवायला जगदेवीबाई, सत्तरी ओलांडलेल्या, तोंडानं फटकळ. पोरींना जोडीजोडीनं जात्यावर बसवून म्हणाल्या, “बटण शोधू नगा गं, ह्याला बटण न्हाय!” दानेश्वरीनं त्यांना वहीतली एक ओवी वाचून दाखवली.

“मुठीनं जोंधळा, सई वैरिते दमानं
पापणीला पीठ, जसं चांदणं नेमानं.”

जगदेवीबाईंनी वही मागून घेतली, नातीकडून उरलेल्या ओव्या वाचून घेतल्या, आणि मग म्हणाल्या, “लई गोड हाय. पर ह्यात माहेर न्हाय, भाऊ न्हाय, सासूला टोमणा बी न्हाय. सगळी सईच सई. अशी कशी गं दळली तुझी आई?”

“तिला भाऊ नव्हता.”

“नसंल. पर खुंट्याला दोघी लागत्यात. तिच्यासंगं दुसरी कोण बसायची?”

घरी येऊन तिनं विचारलं होतं. “असंल कुणीतरी शेजारची,” असं म्हणून अप्पा ताटावरून उठले होते. अर्धी भाकरी तशीच राहिली होती.

संध्याकाळी सभागृह भरलं. भिंतींवर प्रदर्शनातल्या चादरी आणि वाकळा, मंचापुढं खाली जुनी जाती. पहिलंच जातं चन्नम्माचं होतं. अप्पांनीच ते कॉटखालून काढून, पुसून, रिक्षातून आणून दिलं होतं. दानेश्वरी वाचायला उभी राहिली आणि तिला ते दिसले. आलेच होते. जात्याशेजारी खाली सतरंजीवर बसले होते.

ती वाचत गेली. चौथ्या ओवीला तिच्या लक्षात आलं, अप्पांचे ओठ हलताहेत. तिच्या मागून नव्हे, तिच्या एक शब्द पुढं.

अकरा ओव्या झाल्या.

“बारावी अर्धी आहे,” ती म्हणाली. “दुसरी ओळ माझ्या आईबरोबर गेली. कुणाला ठाऊक असेल तर...” तिनं पहिली ओळ म्हटली.

“दळण सरलं सये, सांगायाचं नाही सरलं...”

मग जगदेवीबाई उठून चन्नम्माच्या जात्यापाशी येऊन बसल्या. “मोकळं जातं फिरवू न्हाई,” असं पुटपुटत त्यांनी शेजारच्या सुपातली मूठभर ज्वारी आत सोडली आणि खुंटा ओढला. घरघर सुरू झाली. त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या वाजल्या.

आणि त्या घरघरीतून तो आवाज आला.

“काकणांनी सांगितलं, तुझ्या ओठी जे उरलं.”

दबका. थोडा घोगरा. तोच.

दानेश्वरीनं मान वर केली. ती समोरच्या बायकांच्या ओळीत एकेक तोंड शोधू लागली. पण बायका तिच्याकडं बघत नव्हत्या. त्या सगळ्या खाली, सतरंजीकडं बघत होत्या. तिथं अप्पांनी जगदेवीबाईंच्या हाताच्या वर खुंट्याला हात घातला होता, आणि डोळे मिटले होते.

जातं थांबलं. ती मंचावरून उतरून त्यांच्यापुढं बसली.

“अप्पा... तुम्ही?”

“गडी जात्यावर गातो म्हणून गल्ली हसली असती. म्हणून हळू म्हणायचो. तिला लई आवडायचं.”

“मग अव्वा? ती काय म्हणायची?”

ईश्वरप्पांनी उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर टेकवली. बराच वेळ तशीच ठेवली.

“बांगड्या तिच्याच होत्या, पोरी,” ते म्हणाले. “तुझी अव्वा जन्माची मुकी होती.”