गेम कन्सोलवर दिसलेले बाबा

बाबांनी आयुष्यभर कॅमेरा कुणाच्या हाती दिला नाही, त्यामुळे घरच्या एकाही व्हिडिओत ते स्वतः नव्हते. ते गेल्यावर ताईला याचीच चुटपुट लागून राहिली होती.

टीव्हीला जोडलेल्या गेम कन्सोलवर त्या जुन्या फाइल्स चालेनात, म्हणून रविवारी सकाळी तिने समुद्रावरच्या सहलीची फाइल लॅपटॉपवर कन्व्हर्ट केली. पेनड्राइव्ह कन्सोलला लावला आणि टीव्हीवर चित्र सुरू झालं. ताईला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं.

“आई, हातातलं टाक आणि ये. बाबा दिसतायत.”

आई पदराला हात पुसत धावत आली. बाबा पँट दुमडून लाटांत उभे होते, पोट धरधरून हसत होते. शेजारी आई, आणि तिच्या कडेवर छोटी ताई.

“लॅपटॉपवर पाहिलं तेव्हा यात बाबा नव्हतेच गं,” ताई हरखून म्हणाली.

आईचं हसू मावळलं. “आपण तिघंच गेलो होतो. मग शूटिंग कोण करतंय?”

कन्सोलचा कंट्रोलर धरलेले ताईचे हात थरथरले. पडद्यावरचं चित्रही थरथरलं.

बाबांनी थेट समोर पाहिलं.

“नीट धर, बाळा,” ते म्हणाले. “चित्र हलतंय.”