थोरलीच्या पोटात

"डोकं सांभाळा ताई, इथे भल्याभल्यांना टेंगळं आलीत," बंब म्हणाला आणि बोलता बोलता बरोबर त्या लोखंडी चौकटीखाली वाकला. नौदल सोडून त्याला तीस वर्षं होत आली होती, पण मान काही विसरली नव्हती.

मागून बाई उतरल्या. पस्तिशीच्या असतील. पायात जाड बूट, हातात विजेरी, खिशात खडू. त्यांच्या मागे धापा टाकत पंखा. दोघांची ही नावं जहाजावरचीच. बंब खाली बॉयलर सांभाळायचा, आणि पंखा वर धावपट्टीवर उभा राहून, दोन्ही हात हलवत, विमानं जागच्या जागी लावायचा. घरच्यांनी ठेवलेली नावं आता बँकेपुरती उरली होती.

जहाजाचंही तेच. कागदावर तिला चांगलं भारदस्त नाव होतं, पण खलाशी तिला थोरली म्हणत. अगदी तिच्यासारखीच दुसरी विमानवाहू नौका होती, ती धाकटी. धाकटी गेल्या वर्षी मोडीत निघाली. तिथली बातमी पेपरात वाचून बंब भरल्या ताटावरून उठला होता.

आता थोरलीची पाळी होती. तिला वाचवायला पंख्याने जंग जंग पछाडलं होतं. तिचं म्युझियम करा म्हणून तो दिसेल त्याला गळ घालायचा. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दगदग करू नका असं बजावलं, तर या पठ्ठ्याने त्यांचीच अर्जावर सही घेतली. "ही मोडली की माझंही आटोपलं," असं तो हसत हसत म्हणायचा. त्याच्या सुनेला ते हसू अजिबात आवडत नसे. बंबालाही नाही.

काल बंब फोनवर कुणाला तरी "उद्या जहाजावर भेटू" म्हणत होता, ते पंख्याने ऐकलं. कोण, म्हणून त्याने खोदून खोदून विचारलं.

"एक बाई जहाज बघायला येतायत. तू कशाला? जिने फार आहेत."

पंख्याने घरी जाऊन इस्त्रीच काढली. आज जुना कोट अंगात घालून, पोटावर न बसणारं बटण हाताने झाकत, तो नवरदेवासारखा हजर होता.

"इथे मागे काय आहे?" बाईंनी भिंतीवर थाप मारली.

"तेलाची टाकी. रिकामी आहे म्हणून सांगतील, विश्वास ठेवू नका. तळाशी गाळ राहतोच. आम्ही आत उतरून खरवडायचो, तरी राहायचा."

बाईंनी तिथे खडूने मोठी फुली मारली.

"इथे माहितीची पाटी लागणार," पंखा बंबाच्या कानात कुजबुजला. बंब पुढच्या पाइपांकडे वळला.

"आणि या पाइपांवरचं पांढरं आवरण?"

"हात लावू नका. त्याची धूळ छातीत जाऊन बसते. आमच्यातले किती तरी खोकून खोकून गेले."

आणखी एक फुली. पंखा मनातल्या मनात पाट्या वाचत होता.

बॉयलरपाशी बंब थांबला. त्याने गार पत्र्यावर तळहात ठेवला. इथे त्याने पायमोजे वाळवले होते, बटाटे भाजले होते आणि बायकोला मुलगी झाल्याची तार वाचली होती. त्याला भरून आलं, आणि ते लपवायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"वर विमान टेकलं ना ताई, की इथे खाली धप्प असा आवाज यायचा. गेलेली सगळी परत आली का, ते आम्ही आवाजावरून मोजायचो. एखादा धप्प कमी पडला की इथे कुणी कुणाशी बोलायचं नाही."

"आणि वर मी, आभाळाकडे डोळे लावून," पंखा म्हणाला. "हात वरच ठेवायचो. वाटायचं, खाली घेतले तर राहिलेला वैमानिक यायचाच नाही."

बाईंनी खडू खिशात टाकला.

मग पंख्याने धीर केला. "ताई, ही खोली आहे तशीच ठेवाल ना? पोरासोरांना बघायला?"

बाईंनी बंबाकडे पाहिलं.

"अरे, त्यांना आधी सगळं बघू तर दे," बंब म्हणाला. "तू वर जा, वारा खा जरा. ओठ बघ कसे निळे पडलेत."

"जातो. जहाजावरच्या आपल्या बाकीच्यांना फोनच लावतो. रडत बसलेत सगळे, त्यांना सांगतो की बाई किती बारकाईने बघतायत!" पंखा जिना चढला. वर गेल्यावर त्याची शीळ ऐकू आली. कित्येक महिन्यांनी तो शीळ घालत होता.

ती विरेपर्यंत बंब तसाच उभा राहिला. मग त्याने बाईंना आणखी दोन टाक्या दाखवल्या, आणि मागच्या बंद कप्प्याचं झाकण कुठे आहे तेही.

"फुली असेल तिथे आधी भरपूर हवा खेळू द्या," तो म्हणाला. "घाई करू नका. धाकटीच्या वेळी ती पोरं होरपळली, त्यांना आतलं सांगणारं कुणी नव्हतं."

"म्हणून तर तुमचा फोन आल्यापासून माझी गॅसकटरवाली माणसं मी धक्क्यावरच थांबवलीत, काका," बाई म्हणाल्या. "आता उद्या सकाळी कामाला लावते."

बंबाने मान हलवली. "फक्त कापायला पुढच्या टोकाकडून घ्या, ताई. पंख्याच्या घरच्या खिडकीतून मागचं टोक दिसतं."