रिकामा रकाना

“रिकामं हाय ना, ताई? मंग रिकामंच राहू द्या. खोटं नाव काहून भरता?”

तीन वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्या दिवशी ऐकलेला भीमराजचा हा आवाज सपनाच्या कानातून गेला नव्हता. भीमराज मात्र गेला. गोरेगावच्या रस्त्यावर जीप उलटली, त्याला आठ महिने झाले.

सेनगावच्या या वसतिगृहाची माहिती त्यानंच कॉम्प्युटरवर बसवली होती. तक्त्यात रकाना वाढो की एखादी अट सैल होवो, नोंद आपोआप पडे: कोणी, कधी, कॉम्प्युटरला कोणता हुकूम टाइप करून. तरी तो हुकूम भीमराज वहीत उतरवी आणि खाली आईचं नाव लावून सही करी, भीमराज लक्ष्मीबाई. त्याचा पासवर्ड संचालक रामकिशन सरांच्या कपाटात, लाख लावलेल्या पाकिटात असे.

आता रोज सपना वडिलांचं नाव सक्तीचं करी, आणि रोज सकाळी ती अट उठलेली असे. नोंदीत नाव भीमराजचं. वेळ रात्री सव्वानऊ. आधी दोन-तीन चुकलेले हुकूम.

“तो तर कधी चुकायचा नाही,” सपना पुटपुटली.

“मेल्यावर बोटं जड व्हत असतील,” शिपाई वसराम चहा ठेवत म्हणाला. हसला मात्र नाही.

रामकिशन सर दारातूनच बोलले, “उद्या यादी जाते. मंडळापुढं उत्तर मला द्याचं हाय. बापाचं नाव न्हाई त प्रवेश न्हाई. जमत नसंल त सांगा, दुसरं माणूस बघतो.”

बाहेर बाकावर प्रतीक्षा आजीला टेकून बसली होती. तिच्या अर्जात ती एक जागा कोरी होती.

त्या संध्याकाळी सपनानं नोंदींच्या तक्त्यात एक रकाना वाढवला: हुकूम कोणत्या कॉम्प्युटरवरून आला. वहीत मात्र लिहिलं नाही. भीमराजचा नियम तिनं पहिल्यांदाच मोडला.

सकाळी अट उठलेली होती. नाव भीमराजचंच. नवा रकाना तिनं दोनदा वाचला. मग कागद छापून घेतला आणि सरांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांच्यापुढं ठेवला.

टेबलावर भीमराजची वही उघडी होती. शेजारी पाकीट, लाख फुटलेली.

“पोरीले आत घ्या,” सर म्हणाले. नजर वहीतल्या सहीवर होती. “भीमराजला शाळेत घातलं तवा लक्ष्मीनं मला इचारलं व्हतं, बापाचं नाव काय लिहू. मीच म्हणलो, रिकामं राहू दे.”