हिरवा नमुना

मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत ती त्याला जोडलेल्या संगणकाच्या पडद्याकडे पुन्हा पुन्हा पाहत होती. आईला ज्या आजाराने नेलं, तो वेळीच पकडता यावा म्हणून वर्षानुवर्षं खपून तिने एक रसायन बनवलं होतं. जिवंत पेशीत आजाराचं विष सापडलं, तरच ते हिरवं चमकायचं. आज तुलनेसाठी निरोगी रक्त हवं होतं, म्हणून तिने स्वतःचंच दिलं. आणि पडदा हिरवागार झाला! रसायन खोटं ठरलं तर सगळे कष्ट पाण्यात. खरं ठरलं तर आईचं दुखणं आपल्या अंगात. दार उघडून पळावंसं वाटलं, पण पळणार कुणापासून? तिने सहकाऱ्याचं रक्त तपासलं. पडदा काळाच राहिला. तेवढ्यात सर आले, चित्रं पाहून हरखले. “अगं, जिंकलीस की! हा हिरवा नमुना कुणाचा? कळवलंस का त्या बिचाऱ्याला?” “हो सर,” ती भिंतीला टेकत म्हणाली, “आत्ताच कळलं तिला.”