नांगिरोच्या स्वप्नातलं जंगल

गायी आजही कुंपणातच राहिल्या. एकमेकींच्या पाठीवर मान टाकून त्या उभ्या होत्या आणि मावळतीकडची वाट रिकामी पडली होती. त्या वाटेनं गेलं की दलदल लागते, तिथे अजून गवत आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नांगिरोच्या स्वप्नात जंगल आलं होतं. मोरोटो डोंगराच्या पायथ्याशी नांगिरोच्या स्वप्नाचा शब्द कुणी मोडत नसे.

तिनं वडीलधाऱ्यांना सांगितलं होतं ते एवढंच. डोंगरापासून नदीपर्यंत झाडंच झाडं. पानांवरून पाणी निथळतंय. ऊन खाली पोचतच नाही. वर फांदीला लोंबकळून लांब हातांचं कुणीतरी पाला खातंय. म्हातारे खूश झाले. त्यांना तरी कुठे हलायचं होतं! पाऊस येणार, गुरं हलवायची नाहीत, असं ठरून गेलं.

तेव्हापासून नांगिरो जागेपणीही त्या जंगलातच असायची. दुपारी तापलेल्या मातीवर हवा थरथरायला लागली की तिला त्यात खोडं दिसत. मग सावली दिसे, आणि त्या सावलीत ती बसून राही. तिला तिथे बरं वाटायचं. मुलगा लोमोंगिन डोळ्यांसमोर होता, सकाळी त्याच्या हातून तुंब्यात घोटभर दूध मिळत होतं. गुरं निघाली की चालणारे त्यांच्या मागे जातात आणि न चालणारे मागे उरतात. मागच्या दुष्काळात नांगिरोचे गुडघे धड होते. तिची बहीण मात्र मागे राहिली. गुरं परतली तेव्हा बहिणीची झोपडी होती, बहीण नव्हती. नांगिरोला त्या झोपडीची भीती वाटायची.

उन्हं कलताना सून नापेयोक आली. डोंगराच्या उतारावर शहरातली माणसं जुनी हाडं शोधत होती, त्यांची माती चाळायला ती जाई. अंगभर तांबडी धूळ घेऊन ती हसतच टेकली.

"आई, तुमचं जंगल सापडलं बरं का!"

"कुठे?"

"मातीखाली. दात निघालाय आज, एका मोठ्या बिनशेपटीच्या वानराचा. फळं संपली की पाला खायचा म्हणे बिचारा. अगदी आपल्यासारखाच की! तेव्हा झाडं होती इथे. मग पाऊस आटत गेला, झाडं विरळ झाली, मधे गवत उगवलं. कधीची गोष्ट म्हणाल, तर विचारूच नका. तेव्हा माणूसच नव्हता."

कुंपणापाशी एक गाय बसली होती. लोमोंगिन तिला शेपटीला धरून उठवत होता आणि ती उठत नव्हती. त्यानं शेपूट सोडलं आणि आईकडे बघितलं.

"आई, मग तू पाहिलंस ते जंगल येणारं आहे, का गेलेलं?"

नांगिरोनं कुंपणाकडे पाहिलं. समोर थरथरणाऱ्या हवेत खोडं अजून उभी होती. ती एकेक करून विरली आणि मागे ती बसलेली गाय उरली.

"म्हाताऱ्यांना बोलाव," ती म्हणाली. "मी स्वप्न अर्धंच सांगितलंय."

सगळ्यांत थोरला अपालोक्वांग आपलं लाकडी बसकं बगलेत मारून कुरकुरत आला. "अर्धं? स्वप्न काय दूध आहे, झाकून ठेवायला?"

"झाडं वाळत गेली," नांगिरो म्हणाली. "पाला संपला. मग फांदीवरचा तो लांब हातांचा खाली उतरला. दोन पायांवर उभा राहिला आणि गवतातून मावळतीकडे चालत गेला."

अपालोक्वांगनं त्या बसलेल्या गाईकडे पाहिलं, मग वाटेकडे.

"पहाटे निघा," तो म्हणाला आणि बसकं उचलून गेला.

नापेयोक आवराआवर करायला झोपडीत शिरली. लोमोंगिन जागचा हलला नाही. तो आईच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघत होता.

"आणि झाडावर?" त्यानं विचारलं. "झाडावर कुणी उरलं होतं?"

"एक म्हातारी होती." नांगिरोनं त्याच्या केसांतली धूळ झटकली. "तो फांदी सोडतच नव्हता रे. तिनंच त्याला खाली ढकललं."