लायडनसाठी अकरा सूचना

"अहो, बाजूला व्हा, लाल रस्ता सायकलींचा आहे," मी यांना ओढलं. निनादनं पाठवलेल्या अकरा सूचनांमधली ही पहिलीच. टूरवाल्यांनी हॉलंडमधल्या लायडनला, निनाद राहतो त्या गावाला, एकच दिवस दिला होता आणि नेमके त्याच आठवड्यात मुलगा, सून, नात तिघंही जर्मनीत होते, त्याच्या ऑफिसच्या कामासाठी. म्हणून लेकानं सूचना तरी धाडल्या. छत्री नको, वाऱ्यानं उलटते, रेनकोट घ्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या. घरांना पडदे नसतात, पण कुणाच्या खिडकीत डोकावू नका, वाईट दिसतं.

जेवणानंतर ग्रुपला दोन तास मोकळे मिळाले. "घर बाहेरून तरी बघू," हे म्हणाले. आज ओवीचा पाचवा वाढदिवस. तिच्यासाठी शिवलेलं खणाचं परकर-पोलकं पिशवीत होतं. दारातल्या पत्रांच्या फटीतून आत सरकवता आलं असतं. विचारत विचारत कालव्याकाठचं घर सापडलं.

फट शोधायला वाकले आणि शेजारच्या खिडकीतून आतलं सगळं दिसलं. कागदी पताका लावल्या होत्या. ओवी केक कापत होती. सुनेचे आईवडील तिच्या दोन्ही बाजूंना उभे होते आणि निनाद फोटो काढत होता.

यांनी माझा दंड धरला. "चल, नको बघूस. लिहिलंय ना त्यानं."

तेवढ्यात निनादनं मान वर केली. मला बघताच तो खिडकीशी धावला, पडदा ओढायला हात उचलला आणि तसाच थांबला.

त्याच्याही घराला पडदे नव्हते.